पात्याच्या बुडावरचा आकडा

घडीचा जुना अमेरिकन चाकू हातात आला की आपली नजर आधी मुठीवर जाते, मग पात्यावर. पण त्या चाकूची नेमकी ओळख सांगणारी जागा तिसरीच असते. पातं पूर्ण उघडा आणि जिथे ते मुठीत शिरतं तिथला धार नसलेला, चपटा, चौकोनी तुकडा पाहा. या लेखात त्याला आपण पात्याचं बूड म्हणू. त्याच्या एका अंगाला कंपनीचं नाव असतं. चाकू उलटा केला की दुसऱ्या अंगाला बऱ्याचदा चार-पाच आकडे आणि त्यांच्यापुढे दोन-तीन अक्षरं ठोकलेली दिसतात. ६२५४ एसएस. ३३१८ सीव्ही. ६३४७. हा पॅटर्न नंबर. तो वाचता आला की विकणाऱ्याने काहीही सांगितलं तरी मूठ कशाची, पाती किती आणि सांगाडा कोणता हे तुम्हाला स्वतःला पडताळता येतं. जुने चाकू विकत घेणाऱ्याने किंवा घरात वारशाने आलेला चाकू समजून घेऊ पाहणाऱ्याने सगळ्यात आधी हे शिकावं, असं माझं मत आहे. पोलाद, धार, पॉलिश हे सगळं त्यानंतरचं.

सुरुवात केस या कंपनीपासून करावी. केस बंधूंनी १८८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात चाकू विकायला सुरुवात केली. त्यांच्याच घराण्यातली डब्ल्यू. आर. केस अँड सन्स ही कंपनी १९०५ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावी गेली आणि आजही तिथेच चाकू करते. १९९३ पासून तिची मालकी त्याच गावच्या झिप्पो लायटरवाल्यांकडे आहे. केसची आकड्यांची पद्धत सगळ्यात सरळ आहे, शिवाय या कंपनीचे चाकू जमवणारे इतके आहेत की बाजारात तिच्या आकड्यांनीच बोललं जातं. पद्धत अशी: पहिला आकडा मुठीच्या साहित्याचा, दुसरा पात्यांच्या संख्येचा आणि उरलेले सांगाड्याचे. ६२५४ हा आकडा म्हणजे सहा हजार दोनशे चोपन्न नव्हे. तो ६, २, ५४ असा तोडून वाचायचा. ६ म्हणजे हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती, ५४ म्हणजे ट्रॅपर नावाचा सांगाडा, बंद असताना सुमारे साडेदहा सेंटीमीटर लांबीचा. त्याच सांगाड्याला पिवळ्या प्लॅस्टिकची मूठ लावली की तो ३२५४ होतो आणि खरं शिंग लावलं की ५२५४. शेवटचे आकडे तेच राहतात, कारण लोखंड तेच आहे.

मुठीचे आकडे पाठ करण्यासारखे आहेत. १ अक्रोडाचं लाकूड. २ काळं कृत्रिम साहित्य. ३ पिवळं, ४ पांढरं, दोन्ही कृत्रिम. ५ खरं शिंग. ६ हाड. ७ इतर काही लाकडांसाठी. ८ खरा शिंपला आणि ९ त्याची नक्कल. जिथे आकडे पुरले नाहीत तिथे अक्षरं आली, जसं पक्कावूड या राळ भरून दाबलेल्या लाकडाच्या थरांसाठी पी. म्हणून पी१७२ हा चाकू आणि ५१७२ हा चाकू सांगाड्याने सख्खे भाऊ आहेत. दोन्हींना एक पातं, दोन्हींचा सांगाडा ७२. एकाची मूठ लाकडी थरांची, दुसऱ्याची शिंगाची.

आपल्याकडच्या वाचकासाठी हा पहिला आकडा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे, आणि इंग्रजी पुस्तकांत ते कारण सापडत नाही. ६ म्हणजे हाड, आणि ते हाड गुरांच्या पायाच्या नळीचं असतं. जाहिरातीत त्याला अंबर बोन, रेड बोन अशी देखणी नावं असतात आणि रंगवलेलं, कोरलेलं हाड पहिल्यांदा पाहणाऱ्याला लाकूडच वाटतं. ज्यांना असा चाकू फळं कापायला किंवा देवघराशेजारच्या स्वयंपाकघरात नको असेल, त्यांना हे खरेदीआधी कळायला हवं. त्यांनी १, २, ३, ४ किंवा ७ ने सुरू होणारा आकडा किंवा पी पाहावा. २१३७ हा त्यातला माझ्या पसंतीचा चाकू. काळी कृत्रिम मूठ, एक पातं, सॉड बस्टर ज्युनियर हा सांगाडा. शेतातल्या रोजच्या वापरासाठी घडवलेला, साधा, रुंद पात्याचा, धुवायला सोपा आणि शिंगाहाडाच्या चाकूंच्या मानाने स्वस्त.

५ या आकड्याचं आपल्याशी नातं त्याहून जवळचं आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या आणि अमेरिकेतल्या चाकूवाल्यांना मुठीसाठी ज्या शिंगाची सर्वात जास्त ओढ होती ते भारतातल्या सांबराचं. सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, ती भरीव आणि घट्ट असतात आणि त्यांच्यावरचा खडबडीतपणा पकडीला उत्तम. पुढे भारताने ही निर्यात बंद केली. म्हणून जुने ५२५४ किंवा ५१७२ आज महाग आहेत. आपल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये सांबराला संरक्षण आहे आणि गळून पडलेल्या शिंगाचा व्यापारसुद्धा मोकळा नाही. तेव्हा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथे ५ ने सुरू होणारा चाकू हौसेने घ्यावा, पण सुट्टीत इकडे येताना भेट म्हणून तो आणू नये. भेटीसाठी २ किंवा ३ चा चाकू निवडा, आणि तोही विमानात हातातल्या बॅगेत नव्हे, चेक-इनच्या सामानात.

आता ६ मधली मेख. ६ म्हणजे हाड हे नवीन चाकूंना लागू पडतं, पण जुन्यांच्या बाबतीत ६ चा खरा अर्थ हाड किंवा हाडासारखं दिसणारं काहीतरी असा होता. १९४० च्या दशकात केसने रबरमिश्रित काळ्या, खडबडीत साहित्याच्या मुठी लावल्या आणि आकडा ६ च ठेवला. पुढे १९६० च्या दशकाच्या शेवटापासून काही सांगाड्यांवर हाडाऐवजी डेलरिन हे प्लॅस्टिक आलं, तेही ६ खालीच. ६४००४५आर या चार हत्यारांच्या स्काउट चाकूची मूठ प्लॅस्टिकची असते आणि आकडा ६ ने सुरू होतो. म्हणून ६ दिसला की भिंग घेऊन मूठ पाहा. खऱ्या हाडात बारीक टिंबं आणि रेघा दिसतात, त्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या खुणा. प्लॅस्टिकचा पोत सगळीकडे एकसारखा असतो.

दुसऱ्या आकड्यात गोंधळ कमी. फक्त लक्षात ठेवा की पात्यांत पात्यांखेरीज इतर हत्यारंही मोजली जातात. वरच्या स्काउट चाकूत कापायचं पातं एकच, पण डबा फोडायचं, झाकण उघडायचं आणि भोक पाडायचं हत्यार मिळून चार. ६३४७ मध्ये ३ म्हणजे स्टॉकमन प्रकारची तीन पाती: टोकाकडे खाली उतरत गेलेलं मोठं क्लिप पातं, सरळ धारेचं शीपफूट आणि बोथट टोकाचं स्पे. हे शेवटचं पातं गुराख्यांना जनावरांच्या खच्चीकरणासाठी लागे. टोक बोथट ठेवायचं कारणही तेच, चुकून खोल घुसू नये. ६४८८ मध्ये चार पाती, त्या सांगाड्याला काँग्रेस म्हणतात.

उरलेल्या आकड्यांत मात्र तर्क चालत नाही. ५४ म्हणजे ट्रॅपर, २० म्हणजे पीनट, ०७ म्हणजे मिनी ट्रॅपर, ९२ म्हणजे टेक्सास जॅक, ६५ म्हणजे शिकाऱ्यांचा मोठा फोल्डिंग हंटर. पीनट बंद केल्यावर सव्वासात सेंटीमीटरच्या आसपास भरतो आणि फोल्डिंग हंटर तेरा सेंटीमीटरच्या वर जातो. आकडा मोठा म्हणजे चाकू मोठा असं मात्र काही नाही. ही कारखान्यातली नावं आहेत, माणसांच्या नावांसारखी ओळखीनेच लक्षात राहतात. तुम्हाला आवडणारे चार-पाच सांगाडे ओळखीचे झाले की सुरुवातीला तेवढं पुरेसं आहे.

शून्य दिसलं की थांबा. केसच्या पद्धतीत शून्य म्हणजे आधीच्या सांगाड्यात केलेला बदल. ०६२४७ मध्ये ते सगळ्यात पुढे आलं आहे, म्हणून मुठीचा आकडा ० नव्हे. तो ६ आहे, मग २ पाती, मग ४७. हा त्याच ४७ चा दोन पात्यांचा अवतार. २२०८७ मध्ये शून्य मध्ये आहे. काळी मूठ, दोन पाती, ०८७. ६१००९६ मध्ये तर दोन शून्यं. हाड, एक पातं, ००९६, म्हणजे टायनी टूथपिक हा चिमुकला सांगाडा. अर्धा म्हणजे ½ हे चिन्ह आलं तर जुन्या रिवाजाप्रमाणे मुख्य पातं क्लिप आकाराचं समजावं.

आकड्यांनंतरची अक्षरं पात्यांबद्दल किंवा चाकूच्या एखाद्या खास गोष्टीबद्दल बोलतात. एल म्हणजे पातं उघडल्यावर कुलपासारखं अडकतं. आर म्हणजे मुठीच्या टोकाला दोरी ओवायची कडी. पेन म्हणजे पेन पातं, पिसाची लेखणी तासायला जे बारीक पातं लागे ते. आपल्याकडे बोरू तासणाऱ्या चाकूचं काम तेच होतं. एसएबी म्हणजे पात्याची जाडी मधल्या उंचीपर्यंत तशीच ठेवून तिथून खाली धारेकडे उतार दिलेला. डीआर म्हणजे दोरीसाठी मुठीला भोक. पीयू म्हणजे चामड्याला भोक पाडायचं हत्यार. आता ६१११½एल स्वतः सोडवून पाहा: हाड, एक पातं, ११ चा सांगाडा, क्लिप, कुलूप. ६२६५ एसएबी डीआर सुद्धा आता अवघड जाऊ नये.

खरेदी करताना सगळ्यात उपयोगी पडणारी अक्षरं म्हणजे एसएस आणि सीव्ही. एसएस हे न गंजणारं पोलाद, सीव्ही म्हणजे क्रोम व्हॅनेडियम हे कार्बनचं पोलाद. सीव्हीला दगडावर धार पटकन चढते आणि वापरता वापरता पात्यावर निळसर करडी झाक येते, जी जाणकारांना प्रिय आहे. पण कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात असं पातं पुसून तेल न लावता ठेवलं तर तांबेरा चढायला वेळ लागत नाही, आणि कैरी, लिंबू, कोकम कापलं की तासाभरात काळे डाग पडतात. समुद्राकाठी राहत असाल आणि चाकू स्वयंपाकघरात वापरणार असाल तर एसएस घ्या. सोलापूर, नगरसारख्या कोरड्या हवेत राहत असाल आणि पातं पुसायची शिस्त असेल तर सीव्ही घ्या. मी स्वतः सीव्हीच्या बाजूचा आहे. हाताने धार लावण्यातलं समाधान त्यात जास्त आहे.

केसची किल्ली हातात आली की ती प्रत्येक चाकूला लावून पाहायचा मोह होतो, आणि फसगत इथेच होते. विंचेस्टर या बंदुकांच्या कंपनीने पहिल्या महायुद्धानंतर चाकू काढले. त्यातला सर्वात नावाजलेला मोठा शिकारी चाकू म्हणजे १९२०. अनेकांना ते साल वाटतं. ते साल नाही. केसच्या पद्धतीने वाचलं तर अक्रोडाची मूठ आणि नऊ पाती निघतात, आणि हातातल्या चाकूला तर एकच पातं आहे! विंचेस्टरमध्ये पात्यांची संख्या आधी येते आणि मुठीचा आकडा नंतर. १ म्हणजे एक पातं, ९ म्हणजे हाड. म्हणूनच त्यांचा २९०४ दोन पात्यांचा आहे आणि ३९०४ तीन पात्यांचा.

रेमिंग्टनने मुठीचा आकडा शेवटी नेला. १९२२ चा त्यांचा बुलेट चाकू, मुठीत गोळीच्या आकाराचं धातूचं पदक बसवलेला, आर११२३ या नावाने जगभर ओळखला जातो. त्यात ११२ हा सांगाडा आणि शेवटचा ३ म्हणजे हाड. त्याचाच भाऊ आर११२८, तिथे ८ म्हणजे कोकोबोलो हे लालसर लाकूड. केसमध्ये ३ पिवळं प्लॅस्टिक आणि ८ शिंपला असतो हे आठवा, म्हणजे एका घराची किल्ली दुसऱ्या घराला का लागत नाही ते कळेल. कॅटॅरॉगस ही केसच्या सोयरिकीतली, न्यूयॉर्क राज्यातल्या लिटल व्हॅलीची कंपनी. तिच्या २२९१९ मध्ये पहिला २ पात्यांचा, दुसरा २ मुठीच्या दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असल्याचा, मग ९१ हा सांगाडा आणि शेवटचा ९ हाडाचा. २००६ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला सुरू झालेली ग्रेट ईस्टर्न कटलरी सांगाडा सगळ्यात पुढे ठेवते. तिच्या आकड्यातले पहिले दोन अंक ७७ असतील तर तो बार्लो.

काही आकडे तर फोडायचेच नसतात. बक कंपनीचा ११० हा त्यांच्या यादीतला नुसता क्रमांक आहे. त्याची मूठ पूर्वापार लाकडी आणि पातं एक, त्यामुळे केसच्या पद्धतीने वाचलं तरी अर्थ लागल्यासारखा वाटतो. तो योगायोग आहे. श्रेडच्या ३४ओटी मध्ये ओटी म्हणजे ओल्ड टायमर ही मालिका, ८८५यूएच मध्ये यूएच म्हणजे अंकल हेन्री. फ्रान्सच्या ओपिनेलवरचा आकडा मापाचा आहे. १८९७ मध्ये त्यांनी १ ते १२ अशी बारा मापं ठरवली, त्यातली १ आणि ११ पुढे बंद झाली. सगळ्यात लोकप्रिय ८ नंबर, त्याचं पातं साडेआठ सेंटीमीटर. भारतात सहज मिळणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सचे आकडे पात्यावर नसून खोक्यावर असतात. ०.६२२३ म्हणजे लाल रंगाचा छोटा क्लासिक, त्यामागे .२ आलं तर निळा आणि .३ आलं तर काळा.

तेव्हा क्रम ठरवून घ्या. बुडाच्या पहिल्या अंगावरचं कंपनीचं नाव आधी वाचा आणि मगच दुसऱ्या अंगावरचा आकडा.

आकडा वाचता येण्याचा खरा फायदा जुना चाकू पारखताना होतो. आकडा म्हणतो ६३४७ आणि उघडून पाहिलं तर पाती दोनच. म्हणजे एक पातं तुटलं आणि कोणीतरी चाकू खोलून दोन पात्यांचा केला. आकडा म्हणतो ५२५४ आणि मूठ हाडाची, म्हणजे मूठ बदलली आहे. याच्या उलटही होतं, आणि त्यात फसवणूक जास्त. आकडा ६२५४ आणि मूठ शिंगाची. शिंगाला जास्त पैसे मिळतात म्हणून नंतर लावलेली. मूठ आणि पाती दोन्ही जुळली तरी मुख्य पात्याचं बूड मुठीच्या टोपीशी कसं बसलं आहे ते पाहा. फट असेल, खिळा नव्याने ठोकलेला दिसत असेल, तर आख्खं पातंच दुसऱ्या चाकूचं असू शकतं, आणि मग त्याच्यावरचा आकडा खरा असूनही या चाकूचा नाही. दुरुस्त केलेला चाकू वाईट नसतो. वापरायला तो छान चालतो. फक्त त्याची किंमत मूळ चाकूची नसते, आणि ते सांगून विकलेलं असावं.

केसच्या चाकूचं साल आकड्यात नसतं. ते पहिल्या अंगावर, नावाच्या ठशात असतं. ढोबळ मानाने १९४० च्या आधी केस टेस्टेड एक्सएक्स, १९४० ते १९६४ नुसतं केस एक्सएक्स, १९६५ ते १९६९ त्याखाली यूएसए. १९७० मध्ये मेड इन यूएसए आलं आणि त्यासोबत दहा ठिपके. दरवर्षी एक ठिपका कमी करत १९७९ मध्ये एक उरला. १९८० मध्ये ठशातलं एस हे अक्षर विजेच्या रेघेसारखं टोकदार झालं, ठिपके पुन्हा दहा, आणि १९८९ पर्यंत पुन्हा तसेच कमी होत गेले. हिशेब सोपा आहे. एस गोलसर असेल तर १९८० मधून ठिपके वजा करा, एस टोकदार असेल तर १९९० मधून. गोल एस आणि चार ठिपके म्हणजे १९७६. हे गणित त्या दोन दशकांपुरतंच. ठिपके नंतरही वापरले गेले आहेत, म्हणून अक्षराचं वळण पाहिल्याशिवाय वजाबाकी करू नये.

आकडा झिजलेला असेल तर घाई करू नका. चाकू खिडकीशी न्या, ऊन तिरपं पडू द्या आणि बूड हळूहळू फिरवा. खोलगट रेघेत सावली धरली की पुसट अंक उठून दिसतात. जमलं नाही तर किंचित खडूची पूड बोटाने चोळून वरचं फुंकरीने उडवा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा केला तरी बरंच दिसतं. पण तिथे सँडपेपर, तारेचा ब्रश, पितळ चकचकीत करायची पावडर यांतलं काहीही लावू नका. ठसा काही खूप खोल नसतो, दोन-तीनदा घासला की गेला, आणि आकडा गेलेल्या चाकूची किंमत आणि ओळख दोन्ही जातात. तांबेरा असेल तर मऊ फडकं आणि खनिज तेलाचा थेंब, बस. तेल रात्रभर राहू द्या आणि सकाळी पुसा.

नवा चाकू घेतला तर खोकंही जपून ठेवा. केसच्या खोक्यावर आणखी एक क्रमांक असतो, तो दुकानात मागणी नोंदवण्यासाठी. तो वेगळा आणि पात्यावरचा वेगळा. पात्यावरचा ३२५४ सीव्ही पिवळ्या मुठीच्या कार्बन पोलादी ट्रॅपरबद्दल सांगतो आणि पिवळ्या मुठीच्या प्रत्येक तशा ट्रॅपरवर तोच असतो. खोक्यावरचा क्रमांक त्या विशिष्ट रंगाचा, विशिष्ट कोरीवकामाचा माल सांगतो. एकाच ६२५४ एसएसचे लाल, हिरवे, निळे असे कितीतरी अवतार निघतात, आणि पात्यावरून ते एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. म्हणून इंटरनेटवर मागवताना दोन्ही क्रमांक विचारा, आणि जुना चाकू घेताना विक्रेत्याकडे बुडाच्या दोन्ही अंगांचे फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तो चाकू सोडून द्या.